जुन्या डब्यावरचे शनिवार

लॅपटॉपवर भरधाव पळणारा स्वरदाचा पायथन प्रोग्राम संग्रामपूरच्या शेतकरी केंद्रात, आठ-दहा माणसांदेखत आडवा पडला, तेव्हा तिथला कॉम्प्युटर सांभाळणारा कुशल चक्क हसला. मेला! दिसायला एवढा बरा, आणि वागायला हा असा... स्वरदाच्या मनात आलंच.

हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. आदल्या साली बोंडअळीने बीटी कपाशीसुद्धा खाल्ली होती. सापळ्यात अडकलेल्या या अळीच्या पतंगांचा फोटो टाकला, की फवारणी करायची का ते हा प्रोग्राम सांगणार होता. मोजणी झटपट व्हावी म्हणून तेवढा भाग तिने सी भाषेत लिहून कंपाइल केला होता. पण त्याला लागणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, होती फक्त तिच्या लॅपटॉपवर!

"ते लायब्ररी पॅकेजमध्येच भरा," कुशल म्हणाला. "अन् बिल्ड माह्या या जुन्या डब्यावर करा. जुन्यावर बनलेलं नव्यावर चालते. नव्यावरचं जुन्यावर अडते."

मग काय, दर शनिवारी बाई मलकापूरहून एसटीने हजर! त्या डबा कॉम्प्युटरवर प्रोग्रामची एकेक बांधणी, म्हणजे बिल्ड, व्हायला अर्धा तास लागायचा. तेवढ्यात चहा यायचा, तिचा राग पाहून साखर जास्त टाकू काय असं तो विचारायचा, आणि मग त्या चोरट्या नजरा... शेतातला सापळा घेऊन येणाऱ्या शेतकरी मनकर्णाबाई पदराआड हसायच्या.

अखेर पॅकेज तयार झालं. तीन तालुक्यांतल्या कॉम्प्युटरवर बिनबोभाट चाललं. मनकर्णाबाईंची फवारणी टळली. सगळे खूश, स्वरदा मात्र नाही. आता इथे यायचं कशासाठी? खरं सांगावं, तर हा खोटारडी म्हणेल. न सांगावं, तर हा शेवटचा शनिवार.

"ऐका ना — जुनी सिस्टीम माझ्या लॅपटॉपमध्येच उभी करून मला घरबसल्या बिल्ड करता येत होतं. दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. तरी मी... येत राहिले."

त्याने नजर स्क्रीनकडे वळवली. कान मात्र लालबुंद झाले होते.

"मले पहिल्याच दिवशी माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "सांगतलं असतं, तर तुम्ही आल्या असत्या काय?"

अस्सा लबाड! तिला राग यायला हवा होता. आलं ते हसू, आणि डोळ्यांत पाणी.

"मग आता तुम्ही या मलकापूरला," ती म्हणाली. "एकटे नको... आईबाबांना घेऊन."

"हाव," कुशल म्हणाला. "उद्याच येतो."