बाकड्यावरचा माणूस

भिंतीवर खिळा होता, चित्र नव्हतं.

वसईजवळच्या गिरीज गावच्या सभागृहातलं प्रदर्शन पाचला उघडणार होतं. चार वाजले होते. "आंटी, पाचला आर्ट कॉलेजचे सर येतील," फ्लॉईड म्हणाला. "ते चित्र बघूनच मला घेणार होते."

रेल्वे पोलिसांतून निवृत्त झालेल्या एस्थरने विचारलं, "वाळलं होतं?"

"तेलरंग आहे. धुक्याचा पांढरा थर अजून ओलाच आहे."

मोबाईलवर चित्राचा फोटो होता. धुक्यात वसई रोडचा फलाट. गाडी, चहावाला, माणसं, सगळं पुसट. समोरच्या बाकड्यावर मान खाली घातलेला एकच माणूस ठळक. शेजारी निळी पिशवी.

"किती दिवस काढलंस?"

"दहा दिवस. रोज सकाळी दोन तास."

सभागृहात दुपारपासून दोघेच होते. चुना मारणारा केनी आणि खुर्च्या लावणारा व्हिक्टर. दोघांच्या बाह्यांवर पांढरे डाग.

"चुनाच आहे, आंटी," केनी वैतागला. "धुऊन दाखवू?"

"दाखव. व्हिक्टर, तुम्हीपण. आज कामावर नाही गेलात?"

"हाफ डे घेतला."

केनीचा डाग पाण्याने गेला. व्हिक्टरचा पसरला. एस्थरने बाही हुंगली. तेलरंगातलं जवसाचं तेल.

"चित्रकार ओलं चित्र कडांना धरतो. तुम्ही बगलेत मारलंत. आणि फलाटावर गाडी आली की माणूस जातो, म्हणून सगळे पुसट. हा एकटा दहा दिवस दोन-दोन तास हलला नाही, म्हणून ठळक. गाडी न पकडणारा माणूस, व्हिक्टर. तुमची पिशवी त्या खुर्चीखाली आहे. निळी."

चहाचे कप घेऊन आलेली व्हिक्टरची बायको लुईझा दारातच थांबली. व्हिक्टर नवऱ्यासारखा नाही, आरोपीसारखा तिच्याकडे बघत राहिला.

"कंपनी बंद झाली," तो म्हणाला. "तीन महिने झाले. चित्रात मला सगळ्या गावाने बघितलं असतं."

चित्र स्टेजमागच्या कपाटात निघालं. चित्रातलं बाकडं रिकामं. व्हिक्टरने सुरीने स्वतःला खरवडून टाकलं होतं.

"मी रोज द्यायचे तो डबा?" लुईझाने विचारलं.

"बाकड्यावरच खायचो."

"बावीस वर्षं राबवून एका नोटिशीत हाकललं त्यांनी. तोंड त्यांनी लपवायचं. तुम्ही कसलं लपवताय?" तिने पिशवी उचलून नवऱ्याच्या शेजारी ठेवली. "बसा. फ्लॉईड, रंग ओला आहे ना? परत काढ. या वेळी मान वर."

साडेचार झाले होते. व्हिक्टरने मान वर केली.