कुरकुरीसकट

"आता माझ्या सुपाला नावं ठेवणारं कुणी उरलं नाही."

हा आवाज मी सात वर्षांची असताना ऐकला. आमच्या इमारतीच्या मधोमध एक अरुंद, अंधारा चौक होता आणि सगळ्या मजल्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या त्यात उघडायच्या. खालून कुणीतरी आमच्या शेजारच्या तोमासिनाला विचारलं होतं, दिवस कसे जाताहेत म्हणून. तिचा नवरा गोदीत हमाल होता. तो जाऊन महिना झाला होता. चाळीस वर्षं सूप समोर आलं की तो म्हणायचा, मीठ कमी. चाळीस वर्षं ती म्हणायची, मग घाल की वरून. त्या दिवशी वाळत घातलेल्या चादरीआडून ती एवढंच बोलली, आणि चौकातल्या सगळ्या खिडक्यांमधली भांडी क्षणभर वाजायची थांबली.

जेनोवात आम्ही असेच. गोड बोलायचं ते परक्याशी. आपल्या माणसाच्या मात्र सुपाला, चपलेला, चालण्याला, झोपण्याला नावं ठेवायची. ज्या घरातून कुरकुर ऐकू येत नाही, त्या घरात काहीतरी बिनसलंय असं शेजारी समजतात.

माझी आई मात्र तोरिनोची. तिकडची माणसं मापात बोलणारी, मऊ. तिने मला शिकवलं, की तक्रार करू नये, हसून ‘असू दे’ म्हणावं. मी शिकले. फार चांगली शिकले... आणि सगळा घोळ तिथेच झाला.

तर ऑक्टोबरातली गोष्ट. त्या दिवशी माकाया होती. समुद्रावरून कोमट ओला वारा येतो, आभाळ शिशासारखं खाली उतरतं. पाऊस पडत नाही, ऊनही पडत नाही. चादरी वाळत नाहीत. आपण उदास आहोत की नुसते घामेजलेले आहोत, हेच माणसाला कळत नाही. मी खालच्या गल्लीत राहायची आणि माझी शाळा वर, कास्तेलेत्तोच्या टेकडीवर. तिथे मी अकरा वर्षांच्या मुलांना इतिहास-भूगोल शिकवायची – बदली शिक्षिका म्हणून, एका वर्षापुरती. डोंगराच्या पोटात बोगदा आहे, बोगद्याच्या टोकाला लिफ्ट. माझ्या खांद्यावर शाळेचा इटलीचा नकाशा होता, गुंडाळलेला, माझ्याहून उंच. मी आत शिरले. दार लागेना.

"बाई," लिफ्टवाला म्हणाला, "सिसिली बाहेर राहिली."

मी वळले. नकाशाही वळला.

"असा नाही. आता आल्प्स माझ्या डोळ्यात जाताहेत. तिरपा धरा... अजून तिरपा. आख्खा देश घेऊन कुणी येतं का सकाळी सकाळी? अर्धा आज आणायचा, अर्धा उद्या."

बाकीचे उतारू हसले. मी लाजून म्हणाले, "असू दे, मी पायऱ्यांनी जाते."

"पायऱ्यांनी? एवढा देश घेऊन?" त्याने माझ्या हातातून नकाशाचं टोक घेतलं, स्वतःच्या खांद्याला टेकवलं आणि दार लावलं. वर पोचेपर्यंत तो तसाच उभा, वाकडा, मानेशी सिसिली. त्याच्या टोपीखालून कानामागे घामाचा एक थेंब ओघळत होता. तो मी का पाहत राहिले... मला आजही सांगता यायचं नाही.

त्याचं नाव ओबेर्तो. आधी तो जहाजावर होता. कुठल्याशा बंदरात जहाजाच्या तळात पडला, उजवा गुडघा गेला, आणि नगरपालिकेने त्याला लिफ्टवर बसवलं. "चार समुद्र फिरलो," तो म्हणायचा, "आता साठ मीटर फिरतो. वादळ नाही, किनारा नाही, नुसत्या म्हाताऱ्या आणि त्यांच्या भाजीच्या पिशव्या."

सकाळी चढताना तो बोलायचा, दुपारी उतरताना मी ऐकायची. दीड मिनिटाची वाट. पण रोजच्या दीड-दीड मिनिटांचं काय होतं, ते झाल्यावरच समजतं. माझा खडू त्याच्या बाकाला लागतो, ही तक्रार. माझी टोपी मासेवालीच्या टोपीसारखी दिसते, ही तक्रार. काल मी सात मिनिटं उशिरा आले आणि लिफ्ट धरून ठेवावी लागली...

"धरून का ठेवलीत?" मी विचारलं.

"दाराला तेल हवं होतं," तो म्हणाला, आणि दाराकडेच बघत राहिला.

एकदा मी वर्गात खलाशांची गोष्ट सांगितली होती. उतरताना त्यालाही सांगितली. आमच्याकडे सांगतात, की जुन्या काळी कप्तान माणूस घेताना विचारायचा, सही कशी करणार? कुरकुरीसकट की कुरकुरीवाचून? कुरकुर करायचा हक्क हवा असेल तर पगार थोडा कमी. आणि आमचे खलाशी पगार कमी घ्यायचे.

"मग?" ओबेर्तो म्हणाला. "वर्षभर पाण्यात राहायचं आणि तोंडही उघडायचं नाही? मी तर निम्म्या पगारावर सही केली असती."

"दिसतंच आहे."

"काय दिसतंय?"

"काही नाही. छान आहे," मी म्हणाले. मला म्हणायचं होतं, तुमची बडबड ऐकल्याशिवाय मला दुपारचं जेवण जात नाही. पण आईची शिकवण जिभेवर बसलेली. छान आहे. असू दे. काही हरकत नाही.

मे महिन्यात एका रविवारी आम्ही बोकादासेला गेलो. छोटासा किनारा, गोट्यांचा, होड्या उलट्या घालून ठेवलेल्या. त्याने कोट काढून गोट्यांवर पसरला आणि म्हणाला, "बसा. वाया जाणारच आहे हा कोट तुमच्या पायी." मग समुद्राला नावं ठेवली, तळलेल्या मासोळ्यांना नावं ठेवली, आणि बराच वेळ एक खलाशांचं गाणं म्हटलं. मी म्हणाले, छान. पाण्यावरचं ऊन त्याच्या गालावर थरथरत होतं.

त्याच्या पुढच्या मंगळवारी पत्र आलं. क्रेमोनाच्या शाळेत जागा होती, इतिहास-भूगोलाचीच, आणि पक्की. शनिवारी दुपारी दोनपर्यंत तारेने उत्तर हवं.

मी ते लिफ्टमध्ये सांगितलं. सहज, म्हणजे सहज वाटावं म्हणून तीनदा मनात घोकून. मला वाटलं, आता हा तुटून पडेल. क्रेमोनाला, तिथल्या धुक्याला, शाळा-खात्याला, मला. मी पिशवीचा पट्टा घट्ट धरून उभी राहिले.

तो म्हणाला, "अभिनंदन, बाई. फार चांगलं झालं."

लिफ्ट वर पोचली. त्याने दार उघडलं आणि टोपीला हात लावला. टोपीला हात तो फक्त वर राहणाऱ्या डॉक्टरीणबाईंना लावायचा.

बुधवारी तो म्हणाला, "सुप्रभात." मी खडूचा हात मुद्दाम बाकावर टेकला. त्याने खिशातून फडकं काढलं आणि बाक पुसला.

मला काही कळेना. मी काय केलं होतं? की काहीच केलं नव्हतं? मुलांना पो नदी शिकवताना मी तिला चुकीच्या समुद्रात नेऊन सोडलं, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्हाला बरं नाही का?"

शाळेखालच्या पावाच्या भट्टीवर सिन्योरा योलांदा गरम फोकाच्चा, आमची तेलातली चपटी रोटी, कापत होती. मी ती कॉफीत बुडवून खात उभी राहिले. तिला सगळ्या कास्तेलेत्तोचं सगळं ठाऊक असतं.

"लिफ्टवाला तुला बोलतो का अजून?" तिने विचारलं.

"बोलतो. सुप्रभात म्हणतो."

तिची सुरी थांबली. "सुप्रभात?"

"आणि माझी पिशवी धरतो."

"आई गं," ती म्हणाली. "कुरकुर?"

"नाही."

"अजिबात?"

"मंगळवारपासून नाही."

तिने सर्वांत मोठा तुकडा कागदात बांधला आणि माझ्या हातात ठेवला, मयताच्या घरी ठेवतात तसा. "खा, पोरी. माणूस गेला की पोट तरी भरलेलं असावं."

"कुठे गेलाय तो? लिफ्टमध्येच आहे."

"सुप्रभात म्हणणारा माणूस गेलेलाच असतो."

मी हट्टाला पेटले. गुरुवारी त्याच्यासाठी कॉफी नेली, तीन चमचे साखर घालून. साखरेच्या कॉफीला तो औषध म्हणायचा. त्याने पेला घेतला, सगळा संपवला, मिशी पुसली.

"कशी आहे?" मी विचारलं.

"उत्तम. तुम्हाला उगाच त्रास."

"गोड झाली असेल..."

"नाही, नाही. अगदी बेताची."

मला रडू येणार होतं. शुक्रवारी मी बारा मिनिटं उशिरा आले. लिफ्ट धरून ठेवलेली नव्हती. ती वर गेली होती. मी बोगद्यात एकटी उभी, भिंतींतून पाणी झिरपत होतं, आणि पुन्हा तीच माकाया, तीच शिशाची हवा. लिफ्ट खाली आली तेव्हा तो म्हणाला, "काही हरकत नाही, बाई."

माझं वाक्य. माझंच वाक्य त्याच्या तोंडून ऐकताना थंडगार फरशीवर अनवाणी उभं राहिल्यासारखं झालं.

शनिवारी एकला शाळा सुटली. खिशात तारेचा मजकूर होता: जागा स्वीकारते. तारघर खाली, गल्लीत. ओबेर्तो लिफ्टच्या दाराशी किल्ल्या दुसऱ्या माणसाच्या हाती देत होता. त्याची पाळी संपली होती. मी लिफ्टमध्ये चढले नाही. जिथून सगळं शहर दिसतं, त्या कठड्याशी जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने लंगडतं पाऊल माझ्या मागे आलं. खाली पाटीच्या दगडाची करडी छपरं, छपरांपलीकडे क्रेन, क्रेनपलीकडे दीपस्तंभ, आणि त्याच्याही पलीकडे काही नाही... आभाळ की पाणी ते ओळखू येत नव्हतं.

"तुम्ही कुरकुर का थांबवलीत?" मी विचारलं.

त्याने टोपी काढली, हातात फिरवली.

"कुरकुरीचा हक्क सही केलेल्याला असतो, बाई. तुम्हीच सांगितलंत. मी बिनसहीचाच आठ महिने करत राहिलो. वाटायचं, कधीतरी पलीकडूनही एखादी तक्रार येईल. मी मुद्दाम दार आपटलं, तुम्ही म्हणालात, असू दे. मी गायलो... माझ्या सख्ख्या आईने मला घरात गायला बंदी केली होती. तुम्ही म्हणालात, छान. तिकीटखिडकीतल्या माणसाशी बोलतात तसं. मग म्हटलं, आपण हिला परकेच. परक्याने कुठल्या तोंडाने सांगायचं, पक्की नोकरी सोडा म्हणून?"

आठ महिने मी एकेक तक्रार गिळत आले होते, त्याला आवडावं म्हणून. आणि हा आठ महिने त्या न आलेल्या तक्रारींची वाट बघत होता.

"तू भयंकर गातोस," मी म्हणाले.

"काय?"

"भयंकर. बोकादासेला होडीखालचं मांजर उठून गेलं. मी पाहिलं. आणि तू कांदा खाऊन कामावर येतोस. आणि ती औषधांच्या दुकानातली मुलगी आली की तिला बाकावर बसवतोस, मला कधी बस म्हटलं नाहीस."

"तिचा पाय मोडलाय," तो चाचरत म्हणाला.

"मार्चमध्येच बरा झालाय. आणि त्या रविवारी परतताना बसमध्ये तुझा हात दांडीवर होता, माझ्या हातापासून बोटभर लांब. सोळा थांबे. मी मोजले, ओबेर्तो. सोळा थांबे तो हात खिळा ठोकल्यासारखा तिथेच."

"गर्दी होती..."

"बस रिकामी होती. वर खोटंही बोलतोस."

माझा आवाज चढला होता. कठड्याजवळच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी विणकाम थांबवलं. एक दुसरीला म्हणाली, "कधी झालं गं लग्न यांचं?"

तो हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

"पक्की जागा आहे ती," तो हळू म्हणाला. "इथे दर सप्टेंबरात पुन्हा पहिल्यापासून. मिळेल, नाहीतर नाही."

"माहितीये. त्याचाच संताप येतोय. दर सप्टेंबरात मी घाबरणार, आणि दर सप्टेंबरात त्याचा राग तुझ्यावर काढणार. मंगळवारपासून नुसती एका वाक्यासाठी थांबलेय मी, आणि तू... तू टोपीला हात लावतोस..."

माझा हात कठड्यावर होता. त्याच्या बाजूला एक दुसरा हात आला, खरखरीत, आणि या वेळी बोटभर अंतर राहिलं नाही.

"क्रेमोना," तो म्हणाला, आणि त्या आवाजात आठ महिन्यांची सगळी ओळखीची धुसफूस परत होती, "हे काय शहर आहे? चढ नाही, उतार नाही, समुद्र तर नावालाही नाही. तिथे माणूस जातो कुठून आणि येतो कुठे? मी मंगळवारी अभिनंदन म्हणालो ना, ते खोटं होतं. घरी जाऊन मी रात्रभर भिंतीशी बोलत बसलो होतो. जे तुला सांगायचं ते भिंतीला सांगत होतो." त्याने श्वास घेतला. "जाऊ नकोस, ओरिएता."