लुगडं पोचलं

डॉक्टर इंद्रभान देशमुखांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. एरवी सरकारी खलिता असो की भाचीच्या घरचं बारशाचं आमंत्रण, परतीच्या टपालानं त्यांचं उत्तर जायचंच. हे एक मात्र अठ्ठावीस वर्षं राहून गेलं. शिसपेन्सिलीच्या चार ओळी, अक्षरं वाऱ्यात सापडलेल्या ज्वारीसारखी एका अंगाला झुकलेली…

‘लुगडं पोचलं. बांगड्या बी पोचल्या. बाबा म्हनते, तुमचा सांगावा येऊ द्या. मी नेसू का पेटीत ठेवू, तेवढं लिवजा. कस्तुरा.’

सेहेचाळीस सालच्या पौषात वाशीमच्या त्यांच्या दवाखान्यात दुसरं एक पत्र आलं, आणि हे पहिलं पुन्हा टेबलावर आलं.

दुसरं पत्र विद्यापीठाचं होतं. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत केलेल्या कामाबद्दल विद्यापीठ आपल्या जुन्या विद्यार्थ्याला मानपत्र देणार होतं. डॉक्टरांनी ते तीनदा वाचलं. नाव चुकलं असेल, दुसरा कुणी देशमुख असेल… पण नाव त्यांचंच होतं. शरीरशास्त्रात एकदा नापास झालेला, मागच्या बाकावर पुस्तकात तोंड घालून बसणारा मुलगा… त्याची आठवण तिथं कुणाला असेल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि लगेच लिहायला घेतलं, ‘मी अत्यंत ऋणी आहे.’ ते खरंच होतं. ज्यांनी हाती विद्या दिली, त्यांनीच पाठीवरून हात फिरवावा, याहून म्हातारपणी काय हवं?

पण पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता. दारांवर खुणा करून घरोघरच्या रोग्यांची निगा राखायची आपली पद्धत पुढे इतरांनीही उचलली. ती आपणास कशी सुचली, हे कळवावे.

लेखणी तिथंच थांबली. कारण ती पद्धत त्यांना सुचलीच नव्हती.

अठरा सालचा आश्विन होता. त्या वर्षी पावसानं दगा दिलेला, आणि वरून मानमोडीचा ताप. सकाळी औत धरलेला गडी तिसऱ्या दिवशी तिरडीवर. नवा डॉक्टर इंद्रभान बैलांच्या दमणीत औषधाची पेटी घेऊन रिसोडच्या पुढच्या टाकळीला पोचला, तेव्हा गावात कुत्रंही भुंकलं नाही. तो पहिल्याच घराची कडी वाजवू लागला…

“नका वाजवू. तिथं उघडाले कोनी राह्यलं नाई.”

तो दचकून वळला. गेरूची वाटी हातात घेऊन एक विशीतली बाई उभी होती. कपाळ कोरं, लुगडं गुडघ्यापर्यंत फाटलेलं, डोळे जागरणानं लाल. आणि त्या डोळ्यांत, एवढ्या मरणातही, थोडी थट्टा.

“तुमी मेलेले मोजाले आले, का जिते?”

“औषध द्यायला… म्हणजे… असतील त्यांना…”

“मंग चाला ना. का औषध बोलून देता?”

ती पुंजाजीची मुलगी कस्तुरा. वर्षापूर्वी प्लेगात नवरा गेला, तेव्हापासून माहेरी. तिनं अख्ख्या गावाच्या दारांवर गेरूच्या रेघा ओढल्या होत्या. घरात जितके तापलेले तितक्या उभ्या रेघा. पेज पोटात गेली की त्या रेघेवर आडवी. माणूस गेला की रेघ पुसलेली. जी उभी रेघ संध्याकाळपर्यंत एकटी राही, त्या घरी ती पेजेचं मडकं घेऊन पुन्हा जाई.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“मले ‘तुमी’ म्हनता?” ती हसली. “इथं तर मले अन् म्हशीले एकच हाक मारतेत.” मग हसू मावळलं. “शिकवते कोन? शेजारची सोजर पान्याबिगर मेली. मले वाटलं थे झोपली हाये… म्हून रेघा.”

तो महिनाभर टाकळीत राहिला. दिवसा ती पुढे, तो मागे. ओल्या पट्ट्यांसाठी तिनं आपलं लुगडं फाडून फाडून संपवलं. दुपारी माणसं जरा निजली की तो तिला ओसरीवर अक्षरं शिकवी. ‘क’ काढताना ती जीभ दातात धरी. एकदा पाटी घेताना तिची बोटं त्याच्या बोटांवर राहिली… क्षणभरच.

“डॉक्टरसायेब, तुमची नाडी लई पळून राह्यली. पेज आनू का?”

तो लाजेनं कानापर्यंत लाल झाला. बाहेर दोन तिरड्या चालल्या होत्या. त्या दिवसांत हसण्याचीही चोरी वाटायची, आणि हसल्याशिवाय राहवतही नव्हतं.

साथ ओसरली, तो वाशीमला परतला. तिचं फाटकं लुगडं डोळ्यांपुढून हलेना. त्यानं बाजारातून हिरवं लुगडं घेतलं, दुकानदारानं सुचवल्या म्हणून बांगड्याही घेतल्या, आणि दमणी हाकणाऱ्या जानरावच्या हाती ते सगळं पाठवून दिलं.

जानराव तिसऱ्या दिवशी मिशीत हसत आला. “काम झालं, सायेब. पंच बसवले, नारळ फोडला, चारचौघात लुगडं देल्लं. पोरगी लाजून घरात पळाली.”

“पंच? लुगड्याला पंच कशाला?”

जानरावचं हसू तसंच राहिलं. “सायेब… रांडमुंड बाईले लुगडं-बांगड्या धाडल्या म्हंजे पाटाचं मागनं झालं ना. तिनं ठेवून घेतलं म्हंजे थे तुमची झाली.”

लहानपणापासून परगावच्या वसतिगृहांत वाढलेल्या इंद्रभानला हे ठाऊक नव्हतं. देशमुखांच्या घरात विधवेचा पाट लागत नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं. चार दिवसांनी ते पत्र आलं. वाचून आधी त्याला आनंद झाला. हो, आनंदच! मग रिसोडच्या घरची आई आठवली, भावकी आठवली, आणि आपल्यासारख्या घाबरटाच्या गळ्यात त्या वाघिणीनं का पडावं, हेही मनात आलं. उत्तर उद्या लिहू, असं त्यानं ठरवलं. उद्या, परवा, संक्रांतीनंतर… पुढे आईनं ठरवलं तिथं लग्न झालं. संसार झाला. बारा वर्षांपूर्वी ती साधी बायकोही देवाघरी गेली.

आणि आता विद्यापीठ विचारत होतं, कशी सुचली?

डॉक्टर मोटरनं रिसोडला गेले, तिथून बैलगाडीनं टाकळीला. पुंजाजीच्या अंगणात पांढऱ्या केसांची एक बाई सुपात तूर पाखडत होती. डोळ्यांत मोतीबिंदू पार पिकलेले. डॉक्टर फाटकाशी उभे राहिले. नुसतंच खाकरले.

सूप थांबलं.

“डॉक्टरसायेब, आत या. दारात काहून उभे?”

“तुम्ही… ओळखलंत?”

“खाकरल्याबिगर तुमचं बोलनं कवा सुरू होये?”

ते तिच्यासमोर जमिनीवरच टेकले. “मला लुगड्याचा अर्थ माहीत नव्हता, कस्तुराबाई.”

“थे मले महिन्याभरात समजलं.” ती तुरीतले खडे हातानं चाचपून काढत होती. “न समजता धाडलं, थे भोळेपन. पन समजल्यावर गप राह्यले, थे कायले?”

“भीती वाटली.”

“कोनाची?”

“आईची, भावकीची… माझीच. वाटलं, मी तुमच्या जोगा नाही.”

“हे मी ठरवलं असतं ना!” ती एकदम हसली, आणि एकदम थांबली. “सोयरिकीच्या दोन जागा आल्या मले. बाबानं दोघायले सांगतलं, आमची पोरगी बोलाची पक्की हाये, तिचं लुगडं आलेलं हाये. तिसरा आलाच नाई. मंग गाव म्हने, डॉक्टरनं ठेवून सोडली. बाबा मेला तवा बी त्याची नजर सडकेवर होती.”

अंगणात वारा पडला होता. डॉक्टरांनी विद्यापीठाचं पत्र काढलं, मानपत्राचं सांगितलं, रेघांचा प्रश्न सांगितला.

“मंग सांगा त्यायले. टाकळीच्या कस्तुरानं काढल्या.”

“तेच लिहिणार आहे. तुमच्या नावानिशी.”

“बरं हाये.” तिनं तुरीतला एक खडा बाजूला टाकला. “अन् माह्या पत्राचं?”

डॉक्टर पुढे सरकले. “कस्तुराबाई, मी… तेव्हाही माझं मन…”

तिनं हात वर केला. “तोंडानं नाई. मी कागद धाडला होता, साऱ्या गावादेखत. मले कागद पाहिजे.”

“पण तुम्हाला आता वाचता…”

“मले नाई येत. मास्तर वाचतीन. टपाल चावडीवर येते, सारे बसलेले रायतेत. वाचू द्या.” आंधळे डोळे त्यांच्या चेहऱ्यावर नेमके थांबले. “तसं लिवा.”

वाशीमला आल्यावर विद्यापीठाचं पत्र तासाभरात झालं. ‘या गौरवानं मी भारावलो आहे. तो मी मान लववून घेईन. पण ती पद्धत माझी नाही.’ खाली कस्तुराचं नाव, गावासकट.

दुसऱ्या पत्राला तीन दिवस लागले. चावडीवर पाय पसरून बसलेली माणसं दिसायची, मास्तरांचा खणखणीत आवाज ऐकू यायचा, आणि कागद चुरगळला जायचा. एकात नुसतीच क्षमा होती. एकात इतके अलंकार होते की त्यांचीच त्यांना शरम वाटली. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी साध्या अक्षरात लिहिलं :

‘लुगडं मी धाडलं. रीत ठाऊक नव्हती, मन ठाऊक होतं. कस्तुराबाईंवर माझा जीव होता. तो कधी गेला नाही. पुंजाजी खरं बोलले : त्यांची मुलगी बोलाची पक्की होती. भ्यालो तो मी. गावानं जे बोल लावले ते मला लावावेत. माझं घर आता रिकामं आहे. कस्तुराबाईंनी पंचांदेखत ते लुगडं नेसून या घरी यावं, अशी माझी विनंती आहे. त्यांच्या डोळ्यांवर इलाज होईल, तो मी करवीन. त्या आल्या तरी, न आल्या तरी. उत्तराला त्यांनी हवा तेवढा वेळ घ्यावा. मला बोलायला तोंड नाही.’

पोस्टात ओळखीचा कारकून होता. “डॉक्टरसाहेब, मानपत्राचं ऐकलं हो! अभिनंदन!” विद्यापीठाचं पाकीट डॉक्टरांनी सहज पुढे केलं. दुसरं हातातून सुटेना. कारकुनानं हळूच ओढलं तेव्हा सुटलं. शिक्का बसला. मग रिसोडच्या थैलीचं तोंड बांधून त्यावर लाख ओतेपर्यंत डॉक्टर खिडकीशी तसेच उभे राहिले.