कात्रीबाहेरची गोष्ट

सांगलीच्या अनुनाद प्रयोगशाळेत त्या सकाळी दुसरीचे तीन वर्ग आले होते. पहिल्या वर्गाच्या डोक्यांवर मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या लहरटोप्या चढल्या होत्या आणि पोरं एकमेकांकडे बघून खिदळत होती. कोपऱ्यात बालसाहित्यिका कुमुद अणावकर बसल्या होत्या. बाईंचा चेहरा तापलेला होता, कारण पडद्यावर आकडा आला होता एकतीस.

आकडा होता त्यांच्या विद्यार्थिनीच्या, फिरोजा नदाफच्या गोष्टीचा. एक मुलगी रिकाम्या पाण्याच्या टाकीत तोंड घालून रोज ओरडते आणि टाकी तिचेच शब्द परत करते. एके दिवशी मुलगी ओरडायच्या आधीच टाकी बोलते. बस्स, गोष्ट एवढीच. तिला शेवट होता, पण तो कुमुदबाईंनी कापला होता. त्यांच्या लेखनवर्गाची रीतच तशी होती. गोष्ट पुरी झाली की बाई पिशवीतून शिवणकामाची कात्री काढत आणि शेवटचा परिच्छेद कापून ज्याच्या त्याच्या हातात देत. फिरोजा त्या दिवशी रडली होती. आता तर तिला मान वर करवत नव्हती.

बालकथा मंडळाच्या नव्या वाचनमालेत एकच जागा उरली होती. नापास गोष्टीला मंडळाचं गोष्टी लिहिणारं यंत्र स्वतः शेवट जोडणार, नाहीतर तिच्या जागी कुमुदबाईंची जुनी ‘गाढवाचा पासपोर्ट’ घेणार, असं ठरलं होतं. त्या गोष्टीला चौऱ्याऐंशी गुण होते. बाईंच्या जागी दुसरं कुणी असतं तर गालातल्या गालात हसून घरी गेलं असतं.

“हे मोजता तरी काय तुम्ही?” बाईंनी विचारलं.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. यशोधन बेडेकर हे मऊ स्वभावाचे गृहस्थ होते. लहानपणी आईच्या मांडीवर त्यांनी तो गाढवाचा पासपोर्ट शंभरदा तरी ऐकला होता. त्यांनी सोपं करून सांगितलं. सांगणाऱ्याच्या मेंदूत गोष्टीबरोबर लहरी उठतात. ऐकणाऱ्याच्या मेंदूत तशाच लहरी उठतात, पण क्षणभर मागून. हा मेळ म्हणजे अनुनाद. ज्याच्या लहरी पुढे तो कथक, मागे ते श्रोते, हे अनुनादमापक यंत्र स्वतःच ओळखतं. फिरोजाच्या गोष्टीत मुलं मध्येच भरकटली, मेळ तुटला.

“भरकटली कुठे?”

“ते यंत्र सांगत नाही, कुमुदताई. गोष्ट संपली की ते आम्ही बंद करतो.”

“मग करू नका बंद.”

मंडळाच्या नियमात हे बसत नाही, असं डॉक्टर म्हणू लागले. बाईंनी सरळ यंत्राच्या कळीसमोर खुर्ची ओढली आणि मांडी ठोकून बसल्या. मला उचलून बाजूला करणार असाल तर करा, म्हणाल्या, माझं वजन बरंच आहे. डॉक्टरांनी हात टेकले.

पोरांना टोप्यांसकट चिवडा दिला. थोडा वेळ नुसता कुरकुर आवाज. मग शमिका नावाची एक दात पडलेली मुलगी तोंडात शेंगदाणा ठेवून म्हणाली की टाकीत दुसरी मुलगी राहते आणि ती उद्याचं बोलते. शेजारचा पोरगा म्हणाला, हॅट, टाकीत तिची आजी आहे. मग तिसरा, मग चौथी. पडद्यावरचा आकडा हलला, चढू लागला आणि त्र्याण्णववर थांबला. कथकाच्या रकान्यात आधी शमिकाचं नाव आलं, मग त्या पोराचं, मग नावं भराभर बदलत राहिली.

“ऐकताना मुलं भरकटली नव्हती,” डॉक्टर हळूच म्हणाले. “ती पुढे गेली होती. फिरोजाच्याही पुढे.”

फिरोजाने मान वर केली. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिच्या पाठीत जोरात धपका घातला.

इथे थांबल्या असत्या तर त्या कुमुदबाई कसल्या. न्याय करायचा तर दोघींचा करा, म्हणत त्यांनी दुसरा वर्ग आत घेतला आणि स्वतः ‘गाढवाचा पासपोर्ट’ वाचली. पोरं गुंगून ऐकत होती. चौऱ्याऐंशीच गुण पडले. शेवटी गाढव सुखरूप घरी आलं, टाळ्या झाल्या, आणि यंत्र तसंच चालू राहिलं. चिवडा संपला. एका पोराने लघवीला जाऊ का विचारलं. बाईंचं नाव गेल्यावर कथकाचा रकाना कोराच राहिला.

बाईंनी पुस्तकाचं शेवटचं पान पुन्हा उघडलं. ही गोष्ट कात्रीच्या आधीची होती, त्यांची सगळ्यात लाडकी, आणि तिने पोरांसाठी काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं.

डॉक्टरांनी कळीकडे हात नेला. “गोष्टीनंतरचा हा कोरा रकाना आपण नोंदवायला नको. मंडळ तुमचंच पुस्तक काढून टाकेल.”

“नोंदवा,” बाई म्हणाल्या. “फिरोजाच्या गोष्टीला यंत्राचं शेपूट लावायचं नाही. ती जागा तिची. मंडळाला माझं नाव सांगा, भांडायला मी येते.”

मग त्यांनी पिशवीतून कात्री काढली. डॉक्टर नको नको म्हणत असताना आपल्या छापील पुस्तकाचं शेवटचं पान कापलं आणि त्यांच्याच हातात ठेवलं. तिसरा वर्ग आत आला. टोप्या चढल्या. बाईंनी वाचायला सुरुवात केली. सीमेवरच्या फाटकाशी गाढव उभं राहिलं, शिपायाने पासपोर्ट उलटा धरला, आणि बाईंनी पुस्तक मिटलं.



“मग? गाढव घरी आलं का?” पुढच्या रांगेतल्या मुलीने विचारलं.

तीस वर्षं अख्ख्या महाराष्ट्राला ते घरी आल्याचं सांगत आलेल्या कुमुदबाई म्हणाल्या, “मला काय ठाऊक?”

मुलीने कपाळाला आठ्या घातल्या आणि तोंड उघडलं. पडद्यावर कथकाच्या रकान्यातून कुमुद अणावकर हे नाव पुसलं गेलं, आणि बाई ऐकायला पुढे सरकून बसल्या.