शहाण्णव अक्षरं

"तुम्ही न वाचता कोरू शकता का?"

दुकानात पाऊल टाकताच त्याने हे विचारलं. दुपारची चारची वेळ, मी पितळेच्या पाटीवर एका दंतवैद्याचं नाव कोरत होते, आणि हा दारात उभा, केस कपाळावर आलेले, एक हात शर्टाच्या खिशावर घट्ट दाबलेला. मला वाटलं, छातीत दुखतंय की काय.

मी म्हटलं, न वाचता मी फक्त वर्तमानपत्र चाळते. तो हसला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

त्याची अडचण अशी होती. तो कार्टूनच्या सिनेमांसाठी आवाज करायचा. मांजराची पावलं, दाराची करकर, पत्र्याचा गडगडाट. परदेशातल्या एका कंपनीने आठ वर्षं त्याच्या कामाचे पैसे बिटकॉइनमध्ये दिले होते. ते सगळं दुसऱ्याच्या संकेतस्थळावर पडून होतं आणि आता ते स्वतःच्या ताब्यात घ्यायचं म्हणून त्याच्याकडे एक छोटं यंत्र आलं होतं, अंगठ्याएवढं. यंत्र हरवलं, मोडलं तरी चालतं. पण त्याच्यासोबत चोवीस इंग्रजी शब्द असतात, पैशांची खरी किल्ली तीच. ते हरवले तर आठ वर्षं गेली. आणि दुसऱ्या कुणी वाचले, तरीही गेली. कागद जळतो, भिजतो. म्हणून ते शब्द पोलादाच्या पाटीवर हवे होते.

"मग मला द्यायचेच नाहीत," मी म्हटलं. "मला नाही आणि मामालाही नाही. अक्षरांचे ठसे देते, हातोडी देते. तुमचं तुम्ही ठोका."

मामा म्हणजे माझा सख्खा मामा, दुकान त्याचं. कोरायच्या यंत्रापाशी बसून बसून त्याचे कान अधू झालेत, पण नको ते बरोबर ऐकू येतं. तो तिथूनच म्हणाला की भाचीच्या शेजारचं टेबल रिकामंच आहे.

प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं ठोकली की पुरतं, त्यावरून शब्द ओळखता येतो, असं त्यानेच सांगितलं. चोवीस चोक शहाण्णव. मी मनात म्हटलं, दोन दिवसांचं काम. त्याला तीन आठवडे लागले.

तो ठोकायला बसला की मी स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करायचे. रीत म्हणजे रीत. पहिल्या दिवशी त्याने अंगठ्यावरच हातोडी मारून घेतली. मी भिंतीकडे बघतच पाण्याचा ग्लास मागे सरकवला.

"निदान बघा तरी, किती लागलंय," तो म्हणाला.

"पाटी झाका, मग बघते."

त्याने पाटी झाकली. अंगठा लाल झाला होता. मी जरा जास्तच वेळ बघितला.

तिसऱ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं, त्याच्याकडून. मी मात्र 'तुम्ही'लाच चिकटून राहिले, उगाच, नखरा म्हणून. मामा त्याला 'ठोकेवाला' म्हणायला लागला आणि पावणेचार झाले की माझ्याकडे बघून घड्याळाला किल्ली द्यायचा, म्हणजे नुसता हात फिरवायचा, कारण ते घड्याळ बॅटरीवर चालतं.

आणि मग त्याने दुसरी पाटी मागितली.

"एक माझ्याकडे राहील. एक... विश्वासातल्या माणसाकडे ठेवायची."

कोण हा माणूस, असं मी अगदी सहज विचारलं. इतकं सहज की हातातली छिन्नी घसरली आणि दंतवैद्याच्या नावाला एक दात जास्तीचा फुटला.

"माझी एक मैत्रीण आहे. वकील आहे. हे यंत्रही तिनेच दिलं, वाढदिवसाला. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकेकाळी आमचं लग्न ठरत आलं होतं—मग नाही झालं."

'ठरत आलं होतं' हे शब्द मी त्या दिवशी घरी नेले, जेवताना चघळले आणि सकाळी परत आणले. का नाही झालं? कुणी मोडलं? आणि मोडलं, तर वाढदिवस कशाला लक्षात ठेवायचे?

त्याच आठवड्यात ती स्वतःच आली, त्याला न्यायला. उंच, नीटनेटकी, साडीला एक सुरकुती नाही. मला म्हणाली, "छान काम करतेस हं तू." तू म्हणे. मग त्याच्या कॉलरवरचा लोखंडाचा कीस तिने दोन बोटांनी झटकला, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो कीस माझ्या दुकानातला होता. झटकायचा असता तर मी झटकला नसता का? ती दोघं गेल्यावर मी तासभर कानस चालवली. मामा म्हणाला की पाटी गुळगुळीत कधीच झाली, आता तिच्यात भोक पडेल.

खरं सांगायचं तर मला नुसता मत्सर नव्हता, मला तो विश्वासातला माणूस व्हायचं होतं. म्हणजे त्याने विश्वासाने जे काही ठेवायचं, ते माझ्यापाशी ठेवावं असं वाटत होतं. तीन आठवड्यांची ओळख आणि केवढी ही हाव.

आता एक कबुली. मी भिंतीकडे तोंड करून बसायचे, ती भिंत कोऱ्या पितळी पाट्यांनी भरलेली आहे. मीच त्या घासून लखलखीत ठेवते. मधल्या मोठ्या पाटीत माझ्या मागचं टेबल दिसायचं. त्याची वाकलेली मान दिसायची, ठोका मारण्याआधी जिभेचं टोक दातांत धरायची त्याची सवय दिसायची. आणि ज्यावरून तो शब्द ठोकायचा, ते समोर टेकवलेलं कार्डही दिसायचं. दिसायचं उलटं, पण आमच्याकडे रबरी शिक्के होतात, उलटं वाचणं माझ्या हातचा मळ आहे. मी ठरवून कार्डाकडे बघत नव्हते. बघायला दुसरं होतं.

पण ती येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी माझी नजर घसरली. शब्दांवर नाही. शाईवर. जांभळी शाई, तिरपं, लफ्फेदार अक्षर. त्याचं अक्षर मला पावतीवरून माहीत होतं, मुंग्या चालल्यासारखं.

आधी फक्त जळफळाट, की हिने त्याला स्वतःच्या हाताने लिहून दिलंय. आणि मग त्या जळफळाटातूनच दुसरी गोष्ट सुचली. यंत्राची पुस्तिका तो मला मोठ्याने वाचून दाखवायचा, पात्रांचे आवाज काढून. त्यात पहिल्याच पानावर होतं: डब्याचं सील स्वतः फोडा. शब्द यंत्राने तुमच्या डोळ्यांसमोर काढले पाहिजेत. आधीच लिहिलेले शब्द कुणी दिले, तर ते वापरू नका.

उद्या शुक्रवार होता. उद्या तो सगळं त्या यंत्रावर वळवणार होता.

सांगितलं तर तो विचारणार, तुला कसं कळलं. नाही सांगितलं तर... ती बाई चांगली असेलही. पण तिला माहीत असलेलं गुपित तिच्या हातून कुठे जाईल, ते कोण सांगणार? तो शेवटच्या ओळीवर होता.

"डब्याचं सील तुम्ही फोडलं होतं?" मी भिंतीला विचारलं.

"नाही, तिनेच. सगळं तयार करून दिलं. मला फक्त वापरायचं होतं."

"म्हणजे ते शब्द तिला माहीत आहेत. ते अक्षर तुमचं नाही."

हातोडी थांबली. यंत्रापाशी मामाही थांबला.

"तू तर पाठमोरी बसतेस," तो हळूच म्हणाला. "तुला अक्षर कसं दिसलं?"

मी बोट वर केलं. पितळेच्या पाटीत त्याने माझं बोट पाहिलं, मग मला, मग स्वतःला. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मी म्हटलं, एकही शब्द वाचला नाही. बोलता बोलता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. त्याने कार्ड खिशात टाकलं, पाटी कागदात गुंडाळली आणि विचारलं, ठसे घरी न्यायला मिळतील का. मी पेटी पुढे केली. तो गेला.

आठ दिवस चार वाजले आणि टळून गेले. मामाने घड्याळाची थट्टा बंद केली, यावरूनच माझा चेहरा कसा असेल ते कळलं. मी स्वतःला शंभर वेळा सांगितलं की तू त्याच्या भल्यासाठी बोललीस. आणि शंभर वेळा मनातून उत्तर आलं की तू जळत होतीस. दोन्ही खरं होतं, तीच तर पंचाईत.

नवव्या दिवशी तो आला. ठशांची पेटी टेबलावर ठेवली. त्याने यंत्रातलं जुनं सगळं साफ पुसून टाकलं होतं. घरी, दार लावून, नवे शब्द घेतले, स्वतःच्या मुंग्यांनी लिहिले, दोन्ही पाट्या ठोकल्या. मग यंत्र परत पुसून पाटीवरून शब्द घातले, जुळले. आधी चिमूटभर पाठवून पाहिलं, मग बाकीचं. दुसरी पाटी बँकेच्या लॉकरमध्ये होती.

"आणि वकीलबाई?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"दोन दिवस फुगून बसली. मग स्वतःच म्हणाली, त्या कार्डाचा फोटो तिच्या फोनमध्ये आहे. अडीअडचणीला असावा म्हणून काढलेला." त्याने कपाळावरचे केस मागे सारले. "मनाने वाईट नाही ती. पण त्या शुक्रवारी वळवले असते, तर माझे सगळे पैसे तिच्या फोनमध्ये फिरत राहिले असते. तुझ्यामुळे वाचलो."

मी हूं म्हटलं. पेटीतले ठसे मोजले, सव्वीसच्या सव्वीस होते. काम संपलं होतं. आता हा कशाला येईल, या विचारात मी पेटीची कडी उगाच तीनदा लावली. तो मात्र जाईना.

"एक खरं सांगशील? त्या पाटीत तू काय बघत होतीस?"

आता लपवून काय उपयोग होता?

"तुम्हाला," मी म्हटलं. "शब्द बघायला सवड नव्हती. आणि ती बाई मला अजिबात आवडली नाही. तिने कीस झटकला, तेव्हा तर... मला तिचा हात धरावासा वाटला होता. चांगल्या अर्थाने नाही. शाईसुद्धा त्यामुळेच दिसली."

मी मान वर केली. तो पुन्हा कानापर्यंत लाल झाला होता.

"मी त्या दिवशी रागावून नव्हतो गेलो," तो म्हणाला. "पाटीत तुला मी दिसतो, तर मला तू दिसणारच ना? तीन आठवडे तुला बघत होतो. पहिल्या दोन पाट्या तर मुद्दाम बिघडवल्या. कार्ड झाकायचं भानच नव्हतं. तू बोट वर केलंस आणि मला वाटलं, माझीच चोरी पकडली. तोंड दाखवायची लाज वाटली—म्हणून आठ दिवस."

यंत्रापाशी मामा खोकला, यंत्र बंद असताना.

"ही नवी दुसरी पाटी तुझ्याकडेच ठेवणार होतो," तो पुढे म्हणाला.

"मला नको," मी म्हटलं. "लॉकरच बरा. रीत म्हणजे रीत."

तो हसला आणि गेला. जाताना उद्या येतो असंही म्हणाला नाही. रात्रभर माझं तेवढ्यावरच अडलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता दार वाजलं. त्याच्या हातात पाटी नव्हती, कार्ड नव्हतं, खिशावर हातही नव्हता. कॉलरवर मात्र लोखंडाचा कीस होता. जुना तर नक्कीच नव्हता, शर्ट वेगळा होता.

"आज काय काम काढलंस?" मी विचारलं.

माझ्या तोंडून 'तू' ऐकून तो दारातच थांबला.

"काही नाही," तो म्हणाला.

तो शेजारच्या टेबलाशी येऊन बसला. मी स्टूल फिरवलं, त्याच्याकडे तोंड करून, आणि दोन बोटांनी तो कीस झटकला.