थांबायचा ठोका

वैजंताने हातमोजा चढवला, मनगटाचा पट्टा आवळला आणि लालभडक कोयता सांडशीत धरून ऐरणीवर आणला. समोर तिची आई गजराबाई घण घेऊन उभी होती. हातोडीने जागा दाखवायची, घणाने तिथेच घाव घालायचा. घिसाड्याच्या घरात हातोडी पुरुषाची आणि घण बाईचा. तिचा बा भिवाजी गेला, तेव्हा हातोडी लेकीकडे आली.

मोज्याला सगळे वळणमोजा म्हणत. आजारी भिवाजीने शेवटचं वर्षभर तो घालून काम केलं होतं आणि त्याच्या हाताची प्रत्येक चाल त्यात उतरली होती. आता वैजंताचा हात चुकला, की मोज्यातल्या बारीक तारा स्नायूंना चिमटे काढून तो बापाच्या वळणावर आणत. हात बरोबर पडला, की मोजा गप्प. सुरुवातीला बा हात सोडतच नसे आणि ती वैतागायची. मग तिला काम येऊ लागलं. जितकं येत गेलं तितका बा कमी होत गेला, आणि हे कळलं त्या दिवशी तिला भात्यापाशी बसून रडू आलं.

"आये, बास," ती म्हणाली. घण पडतच राहिला. ऐरणीपाशी जन्म काढलेल्या गजराबाईला माणसाचं बोलणं फार कमी ऐकू यायचं. कोयता थंड होऊन काळा पडला होता. शेवटी वैजंताने तिचा दंड धरला.

"तुझा बा थांब म्हणायचा," गजराबाई धापा टाकत म्हणाली.

"बा कामात कुठं बोलायचा?" तिने कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"तोंडानं न्हाई गं. रिकाम्या ऐरणीवर हातोडी दोनदा. म्हंजी काम झालं, घण ठेव, दम खा. ऐरण ऐकू येती मला."

हा ठोका मोज्यात नव्हताच. वैजंताने मोजा बनवणाऱ्या ऋचाला फोन लावला.

"तापल्या लोखंडावर न पडलेले ठोके चूक समजून गाळले होते, ताई," ऋचा ओशाळून म्हणाली.

"टाकून दिले?"

"नाही, बाजूला ठेवलेत. परत घालते."

दुसऱ्या दिवशी कोयता झाल्यावर वैजंताने हात सैल सोडला. मोज्याने तो अलगद वळवला. टक, आणि मग जरा हलकेच, टक. गजराबाईने घण टेकवला, पदराने तोंड पुसलं आणि मोज्याकडे बघत राहिली.

"आला," ती म्हणाली.

दोन दिवसांत पोरालाही जमेल असा तो ठोका. वैजंताला महिना झाला तरी येईना. दर कोयत्याशेवटी ती हातोडी भलत्याच कडेला नेई, मोज्यातला बा तिचा हात ओढून आणी, आणि तोवर आईचा घण हवेत असे.

एका संध्याकाळी गजराबाई घण उचलून धरत म्हणाली, "वैजे, ह्यो ठोका तुला कवाच येतोय."

वैजंताने मोज्याचा पट्टा उगाच पुन्हा आवळला.

"मार की चुकीचा. धरते मी घण."

वर घण होता आणि त्याखाली आईचे म्हातारे हात लटपटत होते. वैजंताने हातोडी उचलली. आता बरोबर मारायचं, की आणखी एकदाच चुकायचं?