आठ हजार चारशेपासून खाली

एव्हरेस्टची उंची आठ हजार आठशे अठ्ठेचाळीस मीटर. साताऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं मी हा आकडा फळ्यावर लिहिला. माणूस पहिल्यांदा तिथे पोचला तेव्हा मी सात वर्षांची होते. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले होते. त्या शिखराचं नाव आमच्या घरात देवासारखं घेतलं जाई.

यंदा मे महिन्यात माझा नातू विश्वजीत ते चढून आला. तो, त्याची बायको पूजा आणि चार महिन्यांचं बाळ माझ्याकडेच राहतात. चौकात फ्लेक्स लागले. घरी त्याने मोबाइलवर चित्रण दाखवलं. फाटके तंबू, रिकामे डबे, गोठलेली विष्ठा आणि वर दोरीला लागून माणसांची रांग.

"ह्ये आठ हजार चारशेवर," तो म्हणाला. "रांगच हलंना. तासभर बसून हुतो."

चित्रणात तो एका प्रेतावर बसला होता. जुनं प्रेत. तोंड बर्फात, जाकीट फाटून पाठ उघडी पडलेली, चुन्यासारखी पांढरी. विश्वजीतने चिक्की काढली आणि आपण शेजारच्याला म्हणतो तसं हसत म्हणाला, "या पावनं, खायाला! न्हाईतर असं करा, साताऱ्यालाच या." मग चिक्कीचा कागद त्याने प्रेताच्या बगलेत खोचला.

"किळस नाही आली तुला? हात जोड, माफी माग त्याची."

"आज्जी, मेलेला हाय त्यो. चालत येतोय व्हय?"

त्याचं उंची दाखवणारं घड्याळ टेबलावर पडलं होतं. आकडा ८४००.

"थंडीनं बिघडलंय," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी ७९०६. मग ७२००. मग दोन रात्री ६४००. हे गिर्यारोहकांचे तळ, उतरताना याच क्रमाने लागणारे. ५३६४ झाले त्या दिवसापासून खोलीत वास येऊ लागला. ओल्या लोकरीचा, रॉकेलचा आणि त्याखाली, फ्रीज बंद पडल्यावर मटणाला सुटतो तसा. पूजाने दोनदा फिनेलने फरशी पुसली.

पुढे आकडा भराभर उतरला. एका सकाळी ८१. साताऱ्यापेक्षा कितीतरी खाली. मला हायसं वाटलं. म्हणजे घड्याळच बिघडलेलं. चहा घेताना आठवलं, वाटेत गंगेचं मैदान लागतं.

विश्वजीतला सांगितलं. या वेळी तो हसला नाही. चित्रण पुसून टाकलं, घड्याळापुढे हात जोडले. "चुकलं माजं. येऊ नगा."

आकडा पुन्हा चढू लागला. ३००. ४९०. ५६०, म्हणजे पुणे.

काल दुपारी आम्ही दोघं टेबलाशी बसून होतो. पूजा वर बाळाला निजवत होती.

७४२. आमचा सातारा.

दार वाजलं नाही. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. विश्वजीतने माझा हात घट्ट धरला.

७४३.

७४५.

घड्याळ टेबलावरच होतं. आमचा वरचा मजला तीन मीटरवर आहे.

वरून पूजाचा आवाज आला. नवऱ्यावर वैतागते तसाच.

"आवं, हात किती गार हायती तुमचं! बाळाला असं उचलू नगा."